ईलिंगच्या स्टॉपवरचा डबा

घुम्या माणसाला बोलतं करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पुण्यात असताना मला भाजीवाल्याच्या मेहुणीचं बाळंतपणसुद्धा तपशीलवार माहीत असायचं. आणि इथे लंडनमध्ये, ईलिंगच्या आमच्या बसस्टॉपवर दोन वर्षं रोज सकाळी शेजारी उभा राहणारा तो हिरव्या मफलरवाला एक अक्षर बोलत नाही? अपमान हो, सरळसरळ अपमान!

"मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या आत त्याला बोलतं करते की नाही बघ," मी नवऱ्याला सुनावलं.

"इम्पॉसिबल!" नकुल म्हणाला. "तो बोलला तर मी हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकवाला येतो. मुकुटासकट! आणि नाही बोलला, तर त्या दिवशी तू तोंड उघडायचं नाहीस. सूत्रसंचालन मी करणार."

दर वर्षी सूत्रसंचालन माझं! माइक हातात नसलेली सुलक्षणा मंडळात कुणी पाहिलेलीच नाही. पण माघार घेईन तर मी कसली?

संक्रांतीच्या सकाळी स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू घेऊन गेले आणि डबा त्याच्यापुढे धरला. "तिळगूळ! प्लीज, टेक!" वाटलं, एक लाडू उचलेल, थँक्यू म्हणेल, की मी जिंकले. त्याने अख्खा डबाच घेतला, मान लववली आणि बसमध्ये चढला!

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासलेला, पुसलेला आणि आत शॉर्टब्रेड! शब्द मात्र नाही.

आता भरून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा? आईने हेच शिकवलं का? मी चिवडा भरून दिला. त्याने केक आणला. मी चकल्या दिल्या, त्याने स्कोन्स आणले. मी नारळाच्या वड्या, तर तो जॅम टार्ट! नकुलची ट्राउझर कमरेला बसेना.

"नुसती मान हलवलेली धरायची नाही हं, सुलू," टार्ट खात खात तो वर मलाच बजावायचा.

हळदीकुंकू शनिवारी होतं. शुक्रवारी सकाळी घाईघाईत ओट्यावरचा बेसनाच्या लाडवांचा डबा उचलला आणि पळत सुटले. हा शेवटचा चान्स!

बसला उशीर होता. मफलरवाल्याच्या एका हातात क्रोसाँ होतं. त्याने डबा घेतला, मान लववली आणि पहिल्यांदाच तिथल्या तिथे उघडला. आत हिरवंगार काहीतरी! जॅमच वाटला असणार त्याला. क्रोसाँवर चांगलं जाडसर थापलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून नाइटसूट आणि सपाता घातलेला नकुल ओरडत आला, "सुलू, थांब! डबा बदललाय! तो माझा ठेचा आहे!"

आमच्याकडचे सगळे डबे एकाच सेटमधले. लग्नात आलेले!

मी "नो, नो!" करत हात पुढे केला, तोवर त्याने घास घेतलासुद्धा. आधी कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून धारा. मी पाण्याची बाटली पुढे केली खरी, पण खोटं कशाला बोलू, माझं सगळं लक्ष त्याच्या ओठांकडे होतं.

"गुड ग्रेशस!" तो गरजला. "व्हॉट ऑन अर्थ इज दॅट?"

"बोलला!" मी उडीच मारली. "नकुल, ऐकलंस ना? बोलला!"

नकुल तिथेच फुटपाथवर बसला.

शनिवारी माझ्या नवऱ्याने मुकुट, हार, बाजूबंद, सगळं सगळं घातलं. मी माइकवरून त्याची ओळख करून दिली. तीनदा! टाळ्यांनी हॉल दणाणला. काय सांगू, स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सोमवारी मफलरवाला स्टॉपवर माझी वाटच पाहत होता. त्याचं नाव जॉफ्री. ठेच्याने त्याचं तोंड उघडलं ते उघडलंच! बॉयलर, गुडघा, बायकोचा भाऊ, कौन्सिलचे कचऱ्याचे बिन्स... शेवटच्या स्टॉपपर्यंत अखंड. मला फक्त "रिअली?" म्हणायला मिळतं, तेही तो श्वास घेईल तेव्हा.

शेवटी काल मी गुपचूप पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले आणि तिथून बस पकडली. आत जॉफ्री होता. शेजारची सीट माझ्यासाठी धरून!