पाच अक्षरी टँकर

मौजे सागपाडा येथे उन्हाळ्यात पाणी नसते, ही बाब शासनाच्या विचाराधीन आहे. पाड्याच्या टेकडीवरून भातसा धरण दिसते. अगदी स्वच्छ दिसते, उन्हात चमकतेसुद्धा. पण धरणातले पाणी मुंबईचे आणि सागपाड्याचे पाणी टँकरचे, हे पाड्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक असल्याने त्या तिकडे बघत नाहीत.

यंदा टँकरवाटपात गैरप्रकार होऊ नयेत म्हणून पाणी कार्यालयाने 'शब्दाधारित जलवितरण प्रणाली' लागू केली. टँकरच्या तोटीला इलेक्ट्रॉनिक कुलूप. कुलूप उघडायचे तर मोबाइलवर त्या दिवसाचा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा. प्रयत्न सहा. अक्षर आपल्या जागी पडले तर हिरवे, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळे, नसलेच तर करडे. पाणी चोरणाऱ्याचे इंग्रजी कच्चे असते, असे समितीच्या अभ्यासात आढळले होते.

प्रणाली लागू झाली त्याच दिवशी कमळाकरच्या कुणालीचे लग्न होते, यात प्रणालीचा दोष नव्हता. आदल्या संध्याकाळी कुणालीला हळद लागली होती. 'टँकर सकाळी येणार' असा मेसेज मोबाइलवर होता, म्हणून कमळाकरने सगळ्यांना सांगून टाकले होते, "लावा बिनधास्त, गळ्यापासून पायापर्यंत लावा." आणि मेसेजप्रमाणे टँकर सकाळी आला. येऊन ओढ्यावरच्या मोरीवर उभा राहिला, कारण मोबाइलला इंटरनेट फक्त मोरीवर येते. विहीर तिथून वर, चढ चढून. ड्रायव्हर नथूने इंजिन बंद केले आणि बिडी पेटवली.

कमळाकरचा पुतण्या सुयोग शहापूरला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून बसलेला. तो मोबाइल घेऊन टँकरच्या टपावर चढला. खाली पाडा जमला.

"पयला शब्द काय टाकू, काका?"

"पाणी पायजे तर पाणीच टाक."

सुयोगने 'वॉटर' टाकला. ए हिरवा, टी पिवळा, बाकी करडे.

"बघा, पाण्यातच पाणी नाय," नथू म्हणाला.

"मग टँकर टाक," मागून कोणीतरी ओरडले.

"सहा अक्षरं होतात."

"तहान?"

"थर्स्ट. ती पण सहा."

तहानसुद्धा आता मापात लागायला हवी होती. कमळाकर शेतकरी माणूस, त्याने भात सुचवला. 'पॅडी'ला शेवटचा वाय पिवळा मिळाला, तेव्हा बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या उत्साहात कमळाकरने पुतण्याला न विचारता बोटावर अक्षरे मोजली आणि 'हळद' टाकायला लावला. इंग्रजी स्पेलिंग बरोब्बर पाच अक्षरी. प्रणालीने उत्तर दिले, "हा शब्द अस्तित्वात नाही." आणि एक प्रयत्न कापून घेतला.

"अस्तित्वात नाय?" कमळाकर भडकला. "मंग माझी पोर काय माखून बसलीय?"

तोवर कुणाली वाळली होती. गालांवर तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या. तिच्याजवळ धवलारीण भागी बसली होती. लग्नाचा प्रत्येक विधी भागीच्या धवळ्यावर, म्हणजे लग्नगाण्यावर चालतो. हळदीचा धवळा संपला की आंघोळीचा, आंघोळीचा संपला की चुड्याचा. आंघोळ होईना, म्हणून भागी रात्रीपासून हळदीचाच धवळा पुन्हा पुन्हा गात होती. नवरीला हळद लावणाऱ्या मावश्या, काकू, आत्या तिने केव्हाच संपवल्या होत्या. आता ती शेजारच्या गावातल्या बाया घेत होती.

तेवढ्यात फोन आला, मुरबाडहून वऱ्हाड निघालेय. कमळाकरने कार्यालयात साहेबांना फोन लावला.

"साहेब, हळद सुकली. पोरीला हसता येत नाय."

"लग्न होईपर्यंत हसणं टाळावं."

"एखादं अक्षर तरी सांगा हो."

"मला शब्द ठाऊक नाही. मी मराठी माध्यमाचा."

"मंग तुमच्या हाफिसात पाणी कसं येतं?"

"नळाने," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सुयोगने क्लासमध्ये पाठ केलेला 'हेस्टी' काढला. त्यात एच, टी, वाय तिघेही पिवळे झाले. कमळाकरला वाटले, आपल्या घरातली सगळी हळद प्रणालीला लागली. पाचव्या खेपेला आंघोळीचा 'बेद', म्हणजे बाथला शेवटी ई लावून टाकला, तेव्हा एच हिरवा झाला. आता प्रयत्न एकच उरला. वऱ्हाडाची पहिली जीप किन्हवलीला चहाला थांबल्याचे कळले.

"काका, असा शब्दच नसतो," सुयोग टपावरून रडवेला होऊन म्हणाला. "वाय, ए, मग काय तरी, एच, टी."

चढावरून कुणाली येताना दिसली. हळदीची नवरी मांडव सोडत नाही, म्हणून भागी तिच्या डोक्यावर पदराचा मांडव धरून, गात गातच मागून येत होती. तोंड हलवले तर पोपडे पडायचे, म्हणून कुणाली दातांतल्या दातांत बोलली.

"सी घाल रे. याट हाय ते."

"ते काय असतं गो?"

"फोटोतलं नाय का? प्री-वेडिंगचं!"

मग सगळ्यांना आठवले. महिन्यापूर्वी मुरबाड रोडच्या एका रिसॉर्टवर कुणाली आणि तिच्या नवऱ्याने 'यॉट पॅकेज' घेऊन फोटो काढले होते. भेगाळलेल्या शेतात प्लायवूडची पांढरी बोट, तिच्या अंगावर हातभर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तोच शब्द, आणि दोघे टायटॅनिकसारखे हात पसरून दूर बघत उभे. श्रीमंत लोक मौजेसाठी पाण्यात फिरवतात ती बोट. सागपाड्याला पाणी मिळण्यासाठी कार्यालयाने निवडलेला शब्द तो होता.

सुयोगने सी घातला. पाचही अक्षरे हिरवी झाली. पाड्याने आरोळी ठोकली आणि त्याच क्षणी, पारदर्शकतेच्या धोरणानुसार, तोटी आपोआप पूर्ण उघडली.

"आरे बंद कर, टँकर विहिरीवर न्यायचाय!" कमळाकर ओरडला.

"बंद करायला वेगळा शब्द लागतो," नथू म्हणाला. "तो उद्या येणार."

हंडे विहिरीवर होते, पाणी मोरीवर होते. कुणालीने कोणाला विचारले नाही. ती नेसत्या पातळानिशी सरळ तोटीखाली जाऊन बसली. भागीने एक श्वास घेतला आणि आंघोळीचा धवळा सुरू केला. बायांनी ओंजळींनी, तांब्यांनी, एकीने तर चपलेने पाणी धरले. कुणाली हसली. उरलेला सगळा टँकर पिवळाधमक होऊन मोरीतून ओढ्यात आणि ओढ्यातून खाली भातसा धरणात गेला.

लग्न वेळेवर लागले. अक्षता पडत होत्या तेव्हाच साहेबांचा फोन आला.

"कमळाकर, शहरातल्या एका नळधारकाची तक्रार आहे. मघाशी दात घासताना नळ चालू ठेवला होता, तर पाण्याला हळदीचा वास आला म्हणे. तुमच्यावर नोटीस निघतेय."

"तक्रार करायला त्यांना कुठला शब्द ओळखायला लागला, साहेब?"

"छे. त्यांनी नुसता फोन केला."

तो तक्रारीचा फोन तुम्हीच केला होता का, हे कमळाकरला साहेबांना विचारायचे होते. पण त्याचे सहाही प्रयत्न संपले होते.