मशीनवरची माझी नोकरी

ओझं कसं उतरवायचं, हे मला कुणी शिकवू नये! चाळीस वर्षं गोदामात पोती वाहिली. एक पोतं फुटलं नाही की एकदा पाय घसरला नाही. मग कपडे धुण्याची एक मशीन दोन मजले खाली न्यायची, यात अवघड ते काय? हे मी त्या सकाळी सूनबाईला अगदी ठणकावून सांगितलं, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

ती मशीन म्हणजे काही साधं यंत्र नव्हतं. कपडे पिळायला लागली की थडथड उडत न्हाणीघरातून निघायची आणि थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची, भूक लागल्यासारखी! एकदा तर तिने न्हाणीघराचं दारच बाहेरून अडवलं. सूनबाई अर्धा तास आत.

मुलगा म्हणाला, "हिच्यावर काहीतरी जड ठेवायला हवं."

सगळ्यांनी घरभर नजर फिरवली. मी जेवत होतो. मान वर केली, तर सगळे माझ्याकडेच बघत होते!

अशी मला म्हातारपणी नोकरी लागली. रोज सकाळी मशीनवर बसायचं. आयुष्यभर वजनं उचलली, आता स्वतःच वजन झालो. पण घरात कुणीतरी "बाबा, चला, तुमची वेळ झाली" म्हणून हाक मारायचं. रिकाम्या माणसाला ही हाक काय असते, ते रिकाम्या माणसालाच कळतं.

नात तेव्हा पहिलीत होती. मी बसलेला असायचो, पळून जाऊ शकत नव्हतो. तिला आयता विद्यार्थी मिळाला! पुस्तक माझ्या नाकासमोर धरून ती ओरडायची, "आजोबा, हा क!" मशीनच्या हादऱ्यात मला त्या 'क'ला तीन शेपट्या दिसायच्या. मशीन थांबली की मी म्हणायचो, "हा तर दुसराच कुणीतरी आहे!" पण त्रेसष्टाव्या वर्षी मी वाचायला शिकलो, ते तिथेच. सहीही तिथेच शिकलो. बँकेतला माणूस अजून विचारतो, "आजोबा, हात थरथरतो का?" मी सांगतो, "नाही हो, सहीच तशी आहे."

अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी वर बसलेलो असतानाच मशीनने एक मोठा उसासा टाकला, जळका वास सोडला आणि गप्प झाली.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मोटर गेली. आता हिचे पार्ट कुठेच मिळत नाहीत."

मुलगा मात्र खुशीत. "बाबा, नवी मागवलीय! मुळीच हलत नाही. वर पाण्याने भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही!"

मुळीच हलत नाही! मग मी काय करायचं? पेला व्हायचं?

नव्या मशीनचे लोक दुपारी जुनी घेऊन जाणार होते. पण परक्या माणसांनी तिला ओढत न्यावं, हे मला बघवेना. सूनबाई "अहो बाबा, थांबा ना" म्हणत राहिली. ती शेजारी मदतीला कुणी आहे का बघायला गेली आणि मी मशीन ढकलत जिन्याच्या तोंडाशी आणली. दोरी बांधली. जरा तिरकी केली, तर पोटात राहिलेलं साबणाचं पाणी भसकन पायऱ्यांवर सांडलं! मशीन घसरायला लागली. शहाणा माणूस बाजूला झाला असता. पण मशीन हलली की वर बसायचं, ही अकरा वर्षांची सवय!

मी टुणकन वर बसलो.

आठ पायऱ्या आम्ही दोघांनी मिळून उतरलो. कशा, ते विचारू नका. वळणावर मशीन भिंतीत गच्च अडकली. हाडं जागेवर होती. पण माझ्या पायजम्याचा डावा पाय मशीन आणि भिंतीच्या मधे पार आत सापडला होता. उठायची सोय नाही!

वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका उतरत आले. "काय हो, इथे बसलात?"

आता ओझं उतरवताना ओझ्यातच अडकलो, हे चाळीस वर्षांचा हमाल कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, "बसलोय. माझी मर्जी."

"उठणार कधी?"

"उठणार नाही!"

झालं! शिंपीकाकांनी वर जाऊन सांगितलं, म्हातारबाबा जिन्यात धरणं धरून बसलेत. पाच मिनिटांत वरचे वर अडकले, खालचे खाली. नवी मशीन घेऊन टेम्पोवालेही आले. कुणीतरी मुलाला फोन केला, की तुझ्या वडिलांनी अन्नपाणी सोडलंय. मी तर मघाशीच चहा-बिस्किटं खाल्ली होती!

मुलगा ऑफिसातून धावत आला. शर्ट घामाने चिंब. "बाबा, काय झालं? कुणी काही बोललं का? आमचं काही चुकलं का?"

"नाही रे."

"मग मागणी काय आहे?" खालून टेम्पोवाला ओरडला. "लवकर सांगा, अजून तीन घरं करायचीत!"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आता काहीतरी मागायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि ठरवलेलं नसताना निघून गेलं, "मला काम पाहिजे."

मुलाने मान खाली घातली. सूनबाईने डोळ्यांना पदर लावला. "बाबा, मग नव्या मशीनवर बसा ना तुम्ही!"

"अजिबात नाही!" टेम्पोवाला म्हणाला. "वर कुणी बसलं तर वॉरंटी जाते!"

शेवटी मुलाने माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला, "काम देतो, बाबा. नक्की." दोघा टेम्पोवाल्यांनी मशीन हिसडली. टर्रकन आवाज झाला, आणि माझं धरणं कशाचं होतं ते अख्ख्या इमारतीला गुडघ्यापासून खाली दिसलं!

मी पायजम्याच्या एकाच पायावर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. टेम्पो सुटला. मशीनच्या कडेला माझ्या पायजम्याचं फडकं लोंबत होतं. वाऱ्यावर हलत हलत ते कोपऱ्यापर्यंत दिसलं. मी हात वर केला, पण तो हलवायला आता मशीन नव्हती.

मुलगा शब्दाचा पक्का. दुसऱ्याच दिवशी काम मिळालं. नवी मशीन धुणं झालं की बारीक आवाजात एक धून वाजवते. ती ऐकायची आणि सूनबाईला हाक मारायची, "झालं गं!" मी स्टूल टाकून मशीनसमोर बसायला लागलो. कान देऊन, अगदी मन लावून!

नोकरी आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी कॉलेजातून आलेल्या नातीने मशीन मोबाईलला जोडली. आता धुणं झालं की ती स्वतःच सूनबाईला कळवते.

मी विचारलं, "मग मी काय करू?"

नात म्हणाली, "तुम्ही आता निवांत वाचत बसा, आजोबा."

बसतो. स्टूल हलत नाही, अक्षरं हलत नाहीत. दोन ओळींत झोप लागते.