केरोबाचं जुनं यंत्र आणि प्लास्टिकमधलं नवं

एका जंगलात एक लॉन होतं. हसू नका, मुलांनो. जंगलात गवत असतंच, हे मलाही माहीत आहे. पण ते आपलं आपण उगवलेलं गवत. लॉन म्हणजे मुद्दाम उगवायचं, मग मुद्दाम कापायचं आणि वर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही, असं गवत.

सिंहमहाराज एकदा परदेशी जंगलात जाऊन आले आणि गुहेसमोर लॉन पाहिजेच म्हणून हटून बसले. लॉन झालं. भोवती काटेरी कुंपण झालं. कुंपणाबाहेर हरणं येऊन उभी राहू लागली.

"आम्ही खाऊन एकसारखं करून देऊ की," एक म्हातारी हरिणी म्हणाली. "वर काही मागणारही नाही."

"मग यंत्राचं काय करायचं?" प्रधान कोल्हेसाहेबांनी विचारलं.

कारण यंत्र आधीच आलेलं होतं. मागून ढकलत न्यायचं, दोरी ओढून सुरू करायचं, खाली पातं गरगर फिरायचं. ते चालवायला केरोबा नावाचं अस्वल नेमलं होतं. त्याला महाराजांच्या गुहेमागची कोरडी गुहा मिळाली आणि दर पौर्णिमेला मधाचं एक पोळं मिळू लागलं. तेव्हा यंत्र कोरं होतं आणि केरोबाही तरणाबांड होता.

पुढे दोघंही बरोबरीनेच म्हातारे झाले. सकाळी आधी केरोबा खोकायचा, मग त्याने दोरी ओढली की यंत्र खोकायचं. दोघांचा खोकला थांबला की काम सुरू व्हायचं. केरोबाचा त्या यंत्रावर फार जीव होता. बायकोशी बोलला नसेल एवढा तो त्याच्याशी बोलायचा, आणि बायको भागूचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

एके दिवशी कोल्हेसाहेबांनी नवं यंत्र मागवलं. बटण दाबलं की सुरू. ते चालवायला त्यांनी आपला मेहुणाही मागवला. हा मेहुणा गवत कापण्याचा कोर्स करून आलेला होता, आणि गवत सोडून कशावरही तासभर बोलू शकत असे.

कोल्हेसाहेबांनी केरोबाला बोलावून घेतलं.

"केरोबा, नवं आलंय. पण त्याचं उद्घाटन व्हायचंय. शेजारच्या जंगलाचे व्याघ्रराज येतील, फीत कापतील, मगच ते सुरू व्हायचं. तोवर तू जुनं चालव. पण मधेच जुनं बंद पडलं, तर आम्ही थांबणार नाही. तुझी गुहा मेहुण्याला द्यावी लागेल."

"आणि साहेब, उद्घाटन झाल्यावर?"

"तेव्हाही द्यावीच लागेल."

या वयात पुन्हा वारुळं उकरत फिरायचं? पावसाळ्यात कुठल्या झाडाखाली बसायचं? तो घरी आला तो डोकं धरूनच बसला.

"व्याघ्रराज येणार कधी?" भागूने विचारलं.

"तारीख मिळायचीय."

"मग जेवून घ्या," भागू म्हणाली. तिला राज्यकारभाराची बऱ्यापैकी समज होती.

आणि खरंच व्याघ्रराजांची तारीख काही मिळेना. कधी त्यांची शिकार असायची, कधी झोप असायची. इकडे नवं यंत्र छपरीत जुन्याशेजारी उभं राहिलं. त्याला हळद-कुंकू लागलं, हार पडला, पुढे लिंबू-मिरची लटकली. पण अंगावरचं प्लास्टिक काढायला सक्त मनाई होती. तुमच्या घरीही नव्या सोफ्यावर असंच प्लास्टिक असतं ना? उन्हाळ्यात मांड्या चिकटतात, पण ते काढायचं नसतं. आणि काचेच्या कपांचा तो सेट? तो पाहुण्यांसाठी असतो, आणि पाहुणे आले की स्टीलच्या पेल्यात चहा देतात. तर तसंच हे. नव्या यंत्रावरची धूळ रोज झटकायची कुणी? तेही केरोबानेच.

एका सकाळी केरोबा खोकला, पण यंत्र खोकलंच नाही. त्याने दोरी ओढ ओढ ओढली. स्पार्क प्लग काढून घासला, फुंकला, ओवाळायचा तेवढा बाकी ठेवला. प्लग मेलेला होता.

"अहो," भागू म्हणाली, "शेजारी ते नवं नुसतं उभंय ना? त्याला काय करायचाय प्लग? त्याने कुठे जायचंय?"

"भागू, अगं ते महाराजांचं आहे."

"आणि हे कुणाचं आहे? तुमच्या सासऱ्यांचं?"

केरोबाला हे पटलं. त्याने प्लास्टिक खालून हलकेच उचललं, नव्याचा प्लग जुन्यात घातला आणि जुन्याचा नव्यात. जागा रिकामी दिसू नये एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. दोरी ओढली आणि जुनं यंत्र पहिल्या झटक्याला सुरू झालं. केरोबाचे डोळे भरून आले.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पावसाळ्यानंतर कार्ब्युरेटर गेला. मग पट्टा तुटला. मग केबल. दर वेळी प्लास्टिक थोडं वर व्हायचं आणि परत खाली यायचं. केरोबा याला चोरी म्हणत नसे. महाराजांच्या एका खिशातलं त्यांच्याच दुसऱ्या खिशात ठेवलं, असं तो भागूला सांगे. होता होता जुन्या यंत्राच्या पोटात सगळं नवं गेलं आणि नव्याच्या पोटात सगळं जुनं. बाहेरून मात्र जुनं जुनंच दिसे आणि नवं नवंच.

आणि मग तारीख मिळाली.

केरोबाची झोप उडाली. आदल्या संध्याकाळी तो पाना घेऊन छपरीत गेला. भाग परत घातले तर नवं सुरू होईल आणि त्याची गुहा जाईल. नाही घातले तर चोरी उघडी पडेल आणि गुहेबरोबर कातडंही जाईल. त्याने जुन्याचा प्लग काढायला पाना लावला खरा, पण हात पुढे जाईना. इतकी वर्षं रोज सकाळी ज्याच्याबरोबर खोकलो, त्याचा श्वास आपल्याच हाताने कसा काढायचा? तो पाना टाकून घरी आला आणि भागूजवळ रडला.

दुसऱ्या दिवशी लॉनवर मांडव पडला. व्याघ्रराज आले. कुंपणाबाहेर हरणांना टाळ्या वाजवायला उभं केलं होतं. व्याघ्रराजांनी फीत कापली. प्लास्टिक निघालं. मेहुण्याने काळा चष्मा लावला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग दोन्ही पायांनी दाबलं. व्याघ्रराज मिशीतल्या मिशीत हसले, आणि सिंहमहाराजांची आयाळ ताठ झाली.

"उघडा ते!" महाराज गरजले. "आत काय आहे ते बघू द्या!"

मांडवामागे केरोबाने डोळे मिटले.

"नको, महाराज!" मेहुणा ओरडला. "उघडलं तर गॅरंटी जाते!"

सगळी सभा हबकली. गॅरंटी म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटलं. कुणीही यंत्राला हात लावला नाही.

"मग जुनं आणा!" महाराज म्हणाले. "पाहुण्यांसमोर नाक कापून घ्यायचंय का?"

केरोबाने जुनं यंत्र पुढे आणलं. गंजलेलं, एका चाकाला सुतळी बांधलेलं. त्याने दोरी एकदाच ओढली. यंत्र अशा जोरात सुरू झालं की मांडवाची झालर कापत पलीकडे गेलं.

"पाहिलंत, व्याघ्रराज?" महाराज छाती फुगवून म्हणाले. "याला म्हणतात जुना माल!"

"आमच्याकडेही तसंच आहे हो," व्याघ्रराज म्हणाले. "नवं आलं ते बंदच पडलंय. आमचं म्हातारं अस्वल आपलं जुन्यावरच भागवतं. नेटकं चालतं."

केरोबाने खाली मान घातली. शेजारच्या जंगलातल्या त्या न पाहिलेल्या अस्वलाबद्दल त्याला एकदम माया वाटली.

मग जुन्याच्या थोरवीवर कोल्हेसाहेबांचं भाषण झालं. केरोबाला शाल आणि नारळ मिळाला, गुहा जन्मभरासाठी मिळाली. मेहुण्याची बदली नदीकाठी झाली, आणि नवं यंत्र त्याच दिवशी भंगारात गेलं.

भागूने घरी खीर केली होती. केरोबाने चमचाही उचलला नाही.

"आता काय झालं? गुहा मिळाली ना?"

"भागू, नव्याचं पातं काढायचं राहिलं होतं गं. कोरं होतं."

आठवडाभरात जुन्याचं पातं बोथटलं. यंत्र गवत कापायच्या ऐवजी त्याला नुसतं झोपवू लागलं. शेवटी केरोबा शाल पांघरून दरबारात गेला आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, एक नवं यंत्र घ्यायला पाहिजे."

"नवं? नवी चालत नाहीत, हे तूच सिद्ध केलंस ना?"

"होय महाराज. पण शेजारी नवं उभं असलं की जुनं नीट चालतं."

एवढं खोल बोलणं महाराजांनी दरबारात कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य दगडावर कोरून घेतलं, नव्या यंत्राचा हुकूम काढला आणि ते चालवायला नवी नेमणूकही मंजूर केली. कोल्हेसाहेबांना आणखी एक मेहुणा होता, त्यामुळे अडचण आली नाही.

नवं यंत्र आलं. हार पडला. उद्घाटनाची तारीख अजून मिळायची आहे. प्लास्टिकच्या आत सध्या पातं नाही. आणि हरणं कुंपणाबाहेर उभीच आहेत, कारण पुढच्या उद्घाटनालाही टाळ्या लागणारच.

तात्पर्य : मुलांनो, आपलं राज्य जुन्याजाणत्यांच्या जिवावरच चालतं. म्हणून नव्यांची भरती कधीही थांबवू नका. फक्त त्यांच्यावरचं प्लास्टिक काढू नका.