लाल दिव्याची डोकेदुखी

दुखणं हे माणसाचं खासगी असतं, पण त्याचं कारण सार्वजनिक असावं लागतं. त्याशिवाय गावात त्याला मान मिळत नाही. वाटूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे पूर्वीही लोकांची डोकी दुखत, पण विस्कळीतपणे. कुणाचं उन्हाने, कुणाचं सुनेमुळे, कुणाचं आदल्या संध्याकाळच्या संगतीमुळे. झुंबरलालशेठच्या धान्याच्या गोदामावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि या क्षेत्रात प्रथमच शिस्त आली.

टॉवरच्या टोकाला लाल दिवा आहे. तो लागला की दुखणं सुरू होई. निम्म्या गावाची डोकी गेली, पाव गावाची झोप गेली आणि उरलेल्यांच्या म्हशी आटल्या. (म्हशींनी स्वतः तक्रार केलेली नाही.) झुंबरलालशेठना मात्र कसलाच त्रास नव्हता. टॉवरचं भाडं हे या विकारावरचं एकमेव खात्रीचं औषध असावं.

कंपनीचा इंजिनिअर येऊन पाहून गेला. टॉवर अजून जोडलेलाच नाही, नुसता दिवा चालू आहे, असं त्याने सांगितलं. गाव गंभीर झालं.

"जोडला न्हाई तर ही गत," तातेराव म्हणाले, "मंग जोडल्यावर काय होईल?"

प्रश्न बिनतोड होता. कंपनी नमली. ज्यांचा त्रास सिद्ध होईल त्यांना जीपने जालन्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, असं तिने कबूल केलं. सिद्ध करण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष तातेराव, सचिव मी.

तातेरावांची बायको बेबीनंदा शिलाईकाम करते. तिचं डोकं टॉवरच्या कितीतरी आधीपासून दुखत होतं. त्या दिवसांत तर सुईत दोरा ओवता ओवता ती डोळे मिटून भिंतीला टेकायची. ब्लाउजच्या बाह्या वाकड्या बसू लागल्या, बायका कापड परत नेऊ लागल्या. हे काम सुटलं तर आपलं म्हणावं असं हातात काही उरणार नाही, ही तिची धास्ती होती. तातेराव या दुखण्याला आधी 'नाटक' म्हणत, टॉवर आल्यावर 'त्रास' म्हणू लागले. ही बढती तिलाही बरी वाटली. जीपमधली जागा नक्की समजून तिने पिशवीसुद्धा भरून ठेवली.

परीक्षा पूर्णपणे शास्त्रीय होती. कुणाला न कळता दिवा बंद करायचा आणि डोकी दुखायची थांबतात का ते पाहायचं. मागाहून कुणाचा गैरसमज नको म्हणून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून रीतसर पुकारलं, "आज संध्याकाळी टॉवर गुपचूप बंद करण्यात येईल, सर्वांनी नोंद घ्यावी." दिवा विझला. गावाची डोकी हलकी झाली. दुसऱ्या दिवशी पुकारून पेटवला, परत जड झाली. शास्त्राला याहून जास्त काय हवं असतं?

घोळ घातला तो बेबीनंदाने. समितीपुढे येऊन ती म्हणाली, "दिवा पेटला तरी दुखतं, इझला तरी दुखतं. खोटं कशाला सांगू?"

खरं बोलायची ही जागा नव्हे, हे मी तिला परोपरीने सुचवलं. ती ऐकेना. शेवटी समितीने एकमताने ठरवलं की, दिव्याच्या तालावर चालतं ते दुखणं खरं. बेबीनंदाचं नियमात बसत नाही, सबब ते मनाचं. तातेराव स्वतःच्या बायकोसाठीही झुकले नाहीत. इतकी निःपक्षपाती माणसं आता राहिली नाहीत. बेबीनंदाने पिशवी रिकामी केली.

जीप गेली. डॉक्टरांना कुणाच्याही डोक्यात काही सापडलं नाही. (याचा भलता अर्थ काढू नये.) येताना जुन्या जालन्यात, जीपमधल्याच एका रुग्णाच्या, भागवतच्या, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाला आणि मंडळी ठणठणीत होऊन परतली.

पुढे बेबीनंदा लेकीला, सुमेधाला, सोबत घेऊन एसटीने जालन्याला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला. डोकं दुखायचं थांबलं, बाह्या सरळ बसू लागल्या. समितीने नोंद केली की, चष्मा लावून रुग्णाच्या मनाचं समाधान झालं.

माजी सचिव या नात्याने मी चौकशीला गेलो. मशीन न थांबवता ती म्हणाली, "चष्मा भेटला ते बराबर झालं, भाऊ. पण त्या बाईनं आधी इचारलं, कधीपासून दुखून राह्यलं? आजवर हे कुणी इचारलंच न्हवतं."

समितीच्या प्रश्नांत हा प्रश्न खरोखरच नव्हता. मला वाईट वाटलं, पण समिती तोवर बरखास्त झाली होती.

आमच्या गावाला आपण हसलात, आनंद आहे. शिकलेली माणसं टॉवरला भीत नाहीत. मागे आपल्या घरात कुणीतरी कपाळ दाबत बसलं होतं, तेव्हा आपण मान वर न करता म्हणालात, "मोबाइल कमी बघ." आपला निकाल आमच्यापेक्षा पुष्कळच लवकर लागला. आम्ही निदान दिवा तरी बंद करून पाहिला होता.