मामा, सोडा!

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला सायकल मी शिकवली आहे, हे आधी छातीठोकपणे सांगतो! तीस वर्षं सीट धरून मागे धावलो. पोरं ओरडतात, “मामा, सोडू नका हं!” मी म्हणतो, “छे! धरलंय ना!” आणि चौथ्या खांबापाशी गुपचूप सोडतो. आजवर एकही पोर पडलेलं नाही. (दोन पडली. पण गवतात.)

माझी सख्खी भाची त्यातलीच. आज ती पगारी सायकलपटू आहे! पण काम काय, तर संघाच्या कर्णधार बाईंना पाण्याच्या बाटल्या पुरवायच्या आणि वारा अडवत त्यांच्यापुढे सायकल हाणायची. सात वर्षं! वर यंदा मॅनेजरने बजावलं, “या शर्यतीत पहिल्या विसांत आलीस तर नवा करार. नाहीतर घरी बस.”

“मामा, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा,” असं म्हणून भाचीने संघाचा केशरी शर्ट मला दिला.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या चढावर मी टाळ्यांच्या तयारीतच उभा होतो. पण ती आली कशी? तोंड उघडं, खांदे डुलताहेत, चाक डावीकडे-उजवीकडे! तुम्हीच सांगा, हात कसे आवरायचे? धावलो आणि सीट धरली!

“मान वर! पुढे बघ! मी धरलंय!”

“मामा, सोडा!”

तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला ‘सोडा’ म्हणालं! तरी मी पद्धत मोडली नाही. चौथ्या खांबालाच सोडलं.

भाची अठरावी आली. आणि पंचांनी तिला वीस सेकंदांचा दंड ठोकला! का, तर संघाचा शर्ट घातलेल्या माणसाने ढकललं! अठरावीची झाली बाविसावी!

मी तडक पंचांच्या तंबूत शिरलो.

“तुम्हाला सायकल कुणी शिकवली हो?”

“वडिलांनी.”

“सीट धरून?”

“हो.”

“मग त्यांना किती सेकंद लावलेत?”

माझ्यामागून भाची तंबूत आली, डोळे भरलेले. “मामा, माझी नोकरी चाललीय आणि तुम्ही भांडताय!”

तेवढ्यात मॅनेजर मोबाइल नाचवत आला. “साहेब, ही चित्रफीत बघा! यांनी ढकललं कुठे? चार पावलं धावले, पुढे नुसते पाय फरफटताहेत! माझ्या पोरीने ब्याऐंशी किलोचा मामा ओढत चढ काढलाय!”

पंचांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तर चक्क हसले. “मामांनी तसं लिहून दिलं तर दंड मागे घेतो.”

भाचीने पेन पुढे केलं. काय करता? लिहिलं: ‘मी मदत केली नाही. मी लोंबकळत होतो.’ खाली सही!

करार झाला. एक नाही, दोन वर्षांचा! पण माझ्या तीस वर्षांच्या धावपळीचं हे प्रमाणपत्र? आणि ती चित्रफीत गल्लीभर फिरवायची काय गरज होती?

काल शेजारच्या चिमुरडीला सायकलवर बसवलं, सीट धरली. तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मामा, धरा. पण लोंबकळू नका हं!”