गजराजाची पेठेवरील स्वारी

श्रीखंडेराय साक्ष. मौजे लोणी काळभोर येथे राजमान्य राजश्री भैरूआप्पा यांचे पदरी गजराज नावाची थोरली, काळी, सात जणांची डिझेल गाडी बहुत वर्षे चाकरीस होती, आणि तिची भूक दांडगी, वळायचे तर अर्धे अंगण लागे, तरी आप्पासाहेबांचा जीव तिजवर. मग खराडीच्या कचेरीतील मनसबदार, थोरल्या सूनबाई अपेक्षादेवी यांनी नवी चिमुकली गाडी आणिली आणि अर्ज गुदरला की, थोरली आता विकावी. आप्पासाहेब इरेस पेटले. "त्या डबीत माझा फेटा तरी मावंल का?" ऐसा सवाल जाहला. अखेर ठरले की, धाकटे चिरंजीव समर्थराव यांचे लग्नाच्या बैठकीस पेठेत जावे, आणि व्याह्यांच्या उंबऱ्यास सूनबाईंचा पाय आधी लागल्यास गजराज विकावा. न लागल्यास हा विषय पुन्हा घरात काढू नये.

रविवारी कूच जाहले. गजराजाचे चाक खुद्द आप्पासाहेबांचे हाती, सोबत कुटुंब सरुबाईसाहेब, नवरदेव आणि मार्केट यार्डातील आंब्यांच्या पेट्या. हडपसरपावेतो गजराजाने खड्डे बेगुमान तुडविले, आणि चिमुकलीतील सूनबाई पार मागे पडल्या. नदीकाठी सरुबाईसाहेबांनी सल्ला दिला की, गाडी इथंच लावा. आप्पासाहेब गरजले, "व्याह्याच्या दारात पायी जाऊ? अब्रू हाय का न्हाई?" मग आरसे मिटवून बोळात शिरले, आणि अनंतराव व्याह्यांचे दार समोर दिसत असता दोन्ही अंगांस भिंती भिडल्या. दारे उघडेनात, मागे घेण्याची छाती होईना.

इतक्यात बोळाच्या दुसऱ्या तोंडाने अपेक्षादेवी चालत आल्या. चिमुकली दोन स्कूटरींमध्ये लावून, हाती पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांनी उंबरठा गाठिला. फत्ते! आप्पासाहेब काचेआडून पाहतच राहिले. याच गाडीतून लेकीची पाठवणी केली होती, ते आठवून डोळे भरून आले.

अनंतराव, निवृत्त मास्तर, ओट्यावरून वदले, "या, या. पण घर बरोबर आणायची तसदी कशाला घेतलीत? बसायला आमच्याकडे आहे जागा."

आता उतरावे तर मागील दाराने, सामानासारखे. फेटा बांधून व्याह्यांपुढे रांगणे आप्पासाहेबांस मंजूर नव्हते. पोहे निवू लागले. मग अनंतरावच कुटुंब मंदाकिनीबाई आणि वधू स्वराली यांसह मागून आत चढले, पाठोपाठ पोह्यांच्या बशा आणि सूनबाई. सातही आसने भरली. गाडीतील यंत्राच्या गारव्यात बसून देणेघेणे नको ऐसे ठरले, तारीख ठरली, आणि मास्तर खुशीने म्हणाले, "आमच्या दिवाणखान्याहून ऐसपैस आहे हो!"

आप्पासाहेबांनी जड हाताने किल्ली सूनबाईंपुढे धरिली. "जिंकलीस, पोरी. वीक."

अपेक्षादेवींनी किल्ली घेतली आणि फर्माविले, "विकायची नाही, आप्पा. लग्नात एवढ्यांना माझ्या गाडीत कुठं बसवू? फक्त पेठेत आणायची नाही."

मग त्यांनी स्वहस्ते गजराज उलट्या चालीने बोळाबाहेर काढिला, ओरखडाही न पडता. आप्पासाहेबांची स्वारी चिमुकलीतून परतली. शेजारी समर्थराव चाकावर, आणि छत ठेंगणे म्हणून फेटा मांडीवर. हडपसर येण्याआधी डोळाही लागला.

ऐसी मोहीम फत्ते जाहली. फेटा सारी वाट शिरीच होता ऐसे लिहावे, हा आप्पासाहेबांचा सक्त हुकूम. सबब तैसेच लिहिले असे.