नानांशिवायची बैठक

मिरजगावात आमच्या समोर एकटेच राहणारे नाना कुणाकडेही गेले तरी खुर्चीवर बसत नसत. "खुर्ची आली की एक साहेब आणि बाकीचे अर्जदार," असं म्हणून ते सतरंजी मागत आणि घरातल्या सगळ्यांना गोल करून बसवत. जामखेडकडच्या एका संस्थेतर्फे ते वस्त्यांवर लोकविकासाचं काम करत. ते काम नेमकं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी सोसायटीत हिशेब लिहिणारा माणूस. नाना संध्याकाळी सांगत, "आज लोक विचार करायला लागले." आता हे कोणत्या खान्यात लिहायचं?

१९९४ च्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या हातपंपाजवळ त्यांनी बैठक घेतली. हजर वीस-बावीस माणसं, आणि टिपण घ्यायला मी. सांडपाण्याचं डबकं समोरच होतं. त्यातले डास आमच्या मानेवर.

"तुमची गरज काय?" नानांनी विचारलं.

"गटार," कौसाबाई म्हणाल्या. डबकं त्यांच्याच दारात होतं आणि नातू हिवतापानं अंथरुणाला खिळलेला.

"सगळ्यांनी विचार करून सांगा. गरज काय?"

शाळेत गुरुजींनी पुन्हा विचारलं की उत्तर चुकलेलं असतं. लोक चपापले. "मग तालीम," एकजण म्हणाला. नानांनी पुन्हा विचारलं. "वाचनालय?" असं होत होत समाजमंदिराला निळा रंग द्यायचं ठरलं. मी तसं लिहूनही घेतलं.

"आवो नाना," कौसाबाई कडाडल्या, "तुमाला डास चावत न्हाईत का? काटा मोडलाय, अन् तुमी इचारताय पाय कुनाचा!"

नाना खूष. "बघा, हे त्या बोलल्या. मी नाही!"

"पण मग गटाराचं काय?" मी गोंधळून विचारलं.

"ते मी सांगायचं नाही. कार्यकर्त्याची गरज संपावी, हाच तर या कामाचा हेतू."

आपली गरज संपावी म्हणून पगार घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या रविवारी वस्तीनं आपणहून बैठक घेतली आणि लगेच टिकाव मारायला सुरुवात केली. मी ते पाहून परतलो तेव्हा नाना धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर बसले होते.

"बैठक झाली म्हणे?"

"झाली. गटार निम्मं खणलंसुद्धा."

"मला कुणी बोलवायला आलं नाही."

"विसरले असतील."

"नाही, विसरले नाहीत. गरज पडली नाही. यश आहे हे, मोठं यश." एवढं बोलून ते रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले. अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना.

तेवढ्यात चिखलानं माखलेल्या कौसाबाई आल्या. "नाना, चला. खननाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी केलीया."

"मी कुठं खणलं? माझा हक्क नाही."

"हक्काचं कोन बोलतंय? काम आसलं तरच बोलवायचं व्हय मानसाला? उटा, पिठलं निवतंय."

नाना उठले. दार सताड उघडं टाकून ते कौसाबाईंच्या मागं चालू लागले.

कडी मग मीच लावली.